निकालानंतर कोण कोणाबरोबर जाणार, हे आधी ओळखता येतं का?

मार्च २०२१ मध्ये नेदरलँड्सची निवडणूक झाली आणि दीडशे जागांच्या सभागृहात सतरा पक्ष निवडून आले. आता प्रत्येक पक्ष एकतर सरकारात असणार किंवा बाहेर. म्हणजे शक्य आघाड्या किती? दोनाचा सतरावा घात, त्यातून 'सरकारात कोणीच नाही' हा एक पर्याय वजा. उत्तर येतं १,३१,०७१. बैठका, रुसवेफुगवे, पुन्हा बैठका असं करत नवं सरकार शपथ घेईपर्यंत २९९ दिवस गेले. आणि सरकार आलं कोणाचं? निवडणुकीआधी जे चार पक्ष सत्तेत होते, त्याच चौघांचं.

सव्वा लाखाहून जास्त पर्याय आणि उत्तर मात्र जुनंच. निकालाच्या रात्री टीव्हीवर रंगीत ठोकळे जोडून-तोडून दाखवले जातात, तेव्हा सगळंच शक्य आहे असं वाटतं. तसं ते नसतं. बहुतेक पर्याय पहिल्याच तासात मेलेले असतात. ते कसे ओळखायचे, यावर राज्यशास्त्रात साठ वर्षं काम झालंय आणि त्यातलं बरंचसं कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही करून बघता येतं.

शंभर जागांचं एक सभागृह

एक काल्पनिक सभागृह घेऊ. जागा शंभर, बहुमताला ५१ हव्यात. पाच पक्ष डावीकडून उजवीकडे बसलेत: क १८, ख २७, ग १०, घ ३३, च १२. डावे-उजवे म्हणजे इथे फक्त विचारांचा क्रम. शेजारी बसलेल्यांचं एकमेकांशी पटतं, दोन टोकांचं पटत नाही.

पाच पक्षांच्या एकूण ३१ आघाड्या होतात. त्यातल्या १६ बहुमत गाठतात. या सोळांमध्ये बऱ्याच आघाड्यांत एखादा पक्ष नुसता जास्तीचा असतो, तो निघून गेला तरी बहुमत शाबूत राहतं. असे जास्तीचे वगळले की उरतात पाचच: ख-घ (६०), क-घ (५१), ग-घ-च (५५), क-ख-ग (५५) आणि क-ख-च (५७). यांना 'किमान बहुमताची आघाडी' म्हणू. यातला कोणताही एक पक्ष बाहेर पडला की सरकार पडतं.

अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ विल्यम रायकर यांनी १९६२ मध्ये मांडलं की पक्ष अशाच आघाड्या करतात, आणि त्यातही शक्यतो सर्वांत लहान. कारण सरळ आहे. सत्ता म्हणजे वाटणी, आणि वाटेकरी वाढले की वाटा घटतो. मंत्रिपदं ठरावीक असतात. मग गरज नसलेल्याला कशाला बोलवा?

आपल्या सभागृहात रायकर यांचं उत्तर येतं क-घ, बरोबर ५१. आता क्रम बघा. क एका टोकाला, घ पार पलीकडे. गणिताने सर्वांत काटकसरीची आघाडी, आणि राजकारणात जवळजवळ अशक्य. पहिल्या अर्थसंकल्पालाच ती मोडेल.

म्हणून १९७० मध्ये रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांनी दुसरी अट जोडली: आघाडी सलग असावी, म्हणजे विचारांच्या रांगेत शेजारी-शेजारी बसलेल्यांची. ही चाळणी लावली की आपल्या पाचांतून उरतात दोन, क-ख-ग आणि ग-घ-च. (ख आणि घ यांना एकत्र यायचं असेल तर मधल्या ग ला सोबत घेऊन ७० ची आघाडी होते. तेही शक्य आहे, पण मग ग नुसता दुवा म्हणून आत येतो.)

एकतीसवरून दोनावर आलो. कोणाच्याही मनात न शिरता.

दहा जागांचा पक्ष एवढा माजतो कसा?

उरलेल्या दोन्ही आघाड्यांत एक पक्ष समान आहे, ग. पाचांत सर्वांत लहान. डावीकडून जागा मोजत गेलं तर पन्नासावी आणि एक्कावन्नावी जागा त्याच्याच बाकावर येते. तो ज्या बाजूला झुकेल ते सरकार.

पश्चिम जर्मनीत एफडीपी या छोट्या उदारमतवादी पक्षाने हे अनेक दशकं करून दाखवलं. १९६९ पासून तो सोशल डेमोक्रॅट्सबरोबर सत्तेत होता. १९८२ मध्ये त्याने बाजू बदलली, चॅन्सेलर (तिथले सरकारप्रमुख) हेल्मुट श्मिट गेले आणि हेल्मुट कोल आले. मध्ये निवडणूक झालीच नव्हती. मतदारांनी दिलेल्या जागा त्याच होत्या, फक्त मधल्याने तोंड फिरवलं. पुढे १९९८ पर्यंत तो पक्ष कोल यांच्याबरोबर सत्तेत राहिला.

याहून टोकाचं गणित तीन पक्षांत दिसतं. जागा ४९, ४८ आणि ३ अशा असतील तर कोणतेही दोन मिळून बहुमत होतं. म्हणजे निव्वळ आकड्यांच्या सौद्यात तीन जागांचा पक्ष एकोणपन्नास जागांच्या पक्षाइतकाच वजनदार. लहान पक्षाच्या 'हट्टा'वर वर्तमानपत्रांतून राग निघतो, पण त्या हट्टाला गणिताचा भक्कम आधार असतो.

इथेच या सगळ्या विषयाची किल्ली आहे असं मला वाटतं. पक्षाची ताकद त्याच्या जागांत असते त्याहून जास्त त्याच्या दुसऱ्या पर्यायात असते. हे बोलणं फिसकटलं तर आपल्याला दुसरीकडे काय मिळेल? ज्याला यावर चांगलं उत्तर आहे तो अटी घालतो, ज्याला नाही तो अटी ऐकतो. 'कोणाचं कोणाशी जमेल' यावर तासभर चर्चा करण्यापेक्षा प्रत्येक पक्षापुढे हा एक प्रश्न ठेवून बघावा.

महाराष्ट्र २०१९: सोपं वाटलेलं गणित

तो प्रश्न इथे लावून बघू. २४ ऑक्टोबर २०१९ ला निकाल लागला. २८८ पैकी भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. बहुमताला १४५. भाजप-शिवसेना युती निवडणुकीआधीची, बेरीज १६१, विचार जवळचे, आणि मागची पाच वर्षं सत्तेतही एकत्र. कोणत्याही मॉडेलने डोळे मिटून हेच उत्तर दिलं असतं.

मॉडेलच्या नजरेतून एक गोष्ट निसटते: मुख्यमंत्रिपद वाटता येत नाही. मंत्रिपदांची वाटणी जागांच्या प्रमाणात होते, हे विल्यम गॅमसन यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या नियमातून निघतं आणि युरोपातल्या सरकारांच्या अभ्यासात ते मोठ्या प्रमाणात खरं ठरलेलं आहे. लहान पक्षांना थोडं झुकतं मापच मिळतं. पण सर्वोच्च खुर्ची एकच, तिचे तुकडे होत नाहीत. फार तर पाळी लावता येते. आयर्लंडमध्ये २०२० साली दोन जुन्या प्रतिस्पर्धी पक्षांनी पंतप्रधानपद आळीपाळीने घेतलं. इस्राएलमध्ये २०२१ मध्ये तसाच करार झाला आणि १२० जागांच्या सभागृहात अवघ्या सात जागा जिंकलेल्या पक्षाचे नफ्ताली बेनेट आधी पंतप्रधान झाले. अडीच-अडीच वर्षांचा वाद आपण ऐकलेला आहेच.

शिवसेनेकडे दुसरा पर्याय होता का? ५६ अधिक ५४ अधिक ४४ म्हणजे १५४. आकडा होता. विचारांचं अंतर मोठं होतं, पण त्या पर्यायात मुख्यमंत्रिपदही होतं, जे घरच्या युतीत मिळत नव्हतं. भाजपकडे मात्र शिवसेनेला वगळून बहुमताचा एकच मार्ग उरत होता, राष्ट्रवादी किंवा तिचा एक तुकडा. २३ नोव्हेंबरच्या पहाटेच्या घडामोडी, सकाळचा शपथविधी आणि तीन दिवसांनी आलेला राजीनामा, हे सगळं त्या एका मार्गाची चाचपणी होती. ती फसली आणि २८ नोव्हेंबरला उद्धव ठाकरे यांनी शपथ घेतली.

नेपाळात २०२२ च्या डिसेंबरमध्ये याचीच आवृत्ती निघाली. २७५ च्या सभागृहात प्रचंड यांच्या माओवादी पक्षाला ३२ जागा. निवडणूक लढवली ८९ जागांच्या नेपाळी काँग्रेसबरोबर. पंतप्रधानपद मिळेना म्हणून निकालानंतर ते ७८ जागांच्या ओली यांच्या पक्षाकडे गेले, ज्याच्या विरोधात मतं मागितली होती, आणि पंतप्रधान झाले. दीड वर्षाने उरलेल्या दोन मोठ्या पक्षांनी एकमेकांशी हातमिळवणी केली आणि प्रचंड बाहेर. दुसरा पर्याय इतरांनाही असतो.

'सगळ्यांत मोठ्या पक्षालाच पहिली संधी मिळते ना?'

काही ठिकाणी हो. ग्रीसच्या राज्यघटनेत जागांच्या क्रमाने एकेका पक्षाला तीन-तीन दिवस देण्याची पद्धतच घालून दिलेली आहे. भारतात घटना याबद्दल मौन पाळते. सरकारिया आयोगाने १९८८ च्या अहवालात राज्यपालांसाठी क्रम सुचवला: आधी निवडणूकपूर्व आघाडी, मग इतरांचा पाठिंबा असलेला सर्वांत मोठा पक्ष, मग निकालानंतर जुळलेल्या आघाड्या. ती शिफारस आहे, बंधन नाही.

पहिली संधी मिळणं म्हणजे सरकार होणं नव्हे. कर्नाटकात २०१८ मध्ये २२२ जागांचे निकाल लागले, त्यात भाजप १०४. राज्यपालांनी येडियुरप्पांना बोलावलं, शपथही झाली, पण विश्वासदर्शक ठरावाआधीच त्यांना राजीनामा द्यावा लागला. मुख्यमंत्री झाले ३७ जागांच्या जनता दलाचे कुमारस्वामी. एवढं खरं की सर्वांत मोठा पक्ष बहुतेक आघाड्यांत असतो, कारण त्याला वगळून आकडा गाठायला इतर बऱ्याच जणांना एकत्र यावं लागतं. अंदाज बांधताना त्याला झुकतं माप द्यावं. हमी समजू नये.

वाळीत टाकलेला पक्ष

आकड्यांत दिसणारा पण हिशोबात न धरायचा पक्ष हा युरोपातल्या अंदाजांमधला सध्याचा सर्वांत मोठा घटक आहे. जर्मनीची फेब्रुवारी २०२५ ची निवडणूक घ्या. ६३० जागा, बहुमत ३१६. सीडीयू-सीएसयू ही पुराणमतवादी जोडी २०८, अतिउजवा एएफडी १५२, सोशल डेमोक्रॅट्स म्हणजे एसपीडी १२०, ग्रीन ८५, डावा पक्ष ६४, आणि एका प्रादेशिक पक्षाची १. नुसत्या बेरजेने पहिल्या दोघांचे ३६० होतात, शिवाय वैचारिक रांगेतही ते शेजारी. पण एएफडीबरोबर कोणीच जाणार नाही असं इतर सगळ्यांनी आधीच जाहीर केलं होतं.

त्याचा परिणाम असा होतो: १५२ जागा बाजूला काढल्या की उरतात ४७८, आणि त्यातून गाठायचे ३१६. म्हणजे उरलेल्यांना साधं बहुमत पुरत नाही, जवळजवळ दोन तृतीयांश लागतं. सीडीयूचा डाव्या पक्षाशीही युती न करण्याचा ठराव आहे. मग ग्रीन घेतले तर २९३, अपुरे. एसपीडी घेतली तर ३२८. दोन पक्षांचं दुसरं कुठलंच गणित जमत नव्हतं, त्यामुळे निकालाच्या रात्रीच उत्तर ठरलं. एसपीडीचा दारुण पराभव झाला होता, तरी तिच्यावाचून सरकार होत नव्हतं.

आणि हे उत्तरही एका धाग्यावर लटकत होतं. एक नवा पक्ष ४.९८ टक्क्यांवर अडकला, सभागृहात शिरायला लागणारा पाच टक्के मतांचा उंबरठा साधारण साडेनऊ हजार मतांनी हुकला. तो आत आला असता तर जागांची वाटणी बदलून या दोन पक्षांचं बहुमत गेलं असतं.

नेते नकार देतात तो मात्र किती मनावर घ्यायचा? 'यांच्याबरोबर कधीच नाही' हे पक्षाच्या ठरावात असेल आणि मतदार त्यावर शिक्षा करणार असतील तर बऱ्यापैकी. 'आम्ही विरोधात बसू' हे निकालाच्या रात्रीचं वाक्य असेल तर फारसं नाही. २०१७ मध्ये एसपीडीने नेमकं तेच म्हटलं होतं. मग नोव्हेंबरमध्ये इतर पक्षांची बोलणी मोडली, आणि मार्च २०१८ मध्ये एसपीडी पुन्हा अँगेला मर्केल यांच्याच सरकारात होती.

जुने सोबती पुन्हा का येतात?

नेदरलँड्सच्या चौघांचं कोडं इथे सुटतं. भाड्याच्या खोलीत एकत्र राहिलेली माणसं भांडतात, तरी करार संपला की नवा सोबती शोधायचा कंटाळा करतात, कारण जुन्याच्या खोडी निदान माहीत असतात. पक्षांचंही तसंच होतं. कोणतं खातं कोणाला, कोणत्या मुद्द्यावर गप्प बसायचं, कोणाचा शब्द खरा, हे सगळं आधीच घासूनपुसून झालेलं असतं. शिवाय नवं सरकार येईपर्यंत जुनंच काळजीवाहू म्हणून चालू असतं, त्यामुळे त्यांना घाईही नसते. बेल्जियममध्ये २०१०-११ साली निवडणुकीपासून नव्या सरकारपर्यंत ५४१ दिवस गेले आणि देश चालूच होता.

'बहुमतच नसेल तर सरकार होईल कसं?'

होतं, आणि वारंवार होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर संसदीय लोकशाह्यांत आलेल्या सरकारांपैकी साधारण एक तृतीयांश अल्पमतातली होती. डेन्मार्कमध्ये तर तीच रीत आहे.

यात नियमांची भूमिका मोठी असते आणि बातम्यांमध्ये तिचा उल्लेख क्वचितच येतो. स्वीडनमध्ये पंतप्रधानाला बहुमताचा पाठिंबा लागत नाही, फक्त बहुमताचा विरोध नसावा लागतो. सभागृह ३४९ चं, म्हणजे विरोधात १७५ पडली तरच नाव फेटाळलं जातं. २४ नोव्हेंबर २०२१ ला माग्दालेना अँडरसन यांच्या बाजूने ११७ मतं पडली, विरोधात १७४, आणि ५७ जण तटस्थ राहिले. विरोध जास्त, तरी त्या निवडून आल्या. एका मताने. त्याच दिवशी अर्थसंकल्पावरून ग्रीन पक्ष सरकारातून बाहेर पडला आणि त्यांनी राजीनामा दिला. पाच दिवसांनी पुन्हा मतदान: बाजूने १०१, विरोधात १७३. पाठिंबा आणखी घटला, तरी त्या पुन्हा पंतप्रधान झाल्या, या वेळी एकट्या पक्षाच्या सरकारच्या.

म्हणून 'सरकारात कोण असेल' आणि 'सरकार कोणाच्या जिवावर चालेल' हे दोन वेगळे प्रश्न. देवेगौडांचं १९९६ चं सरकार काँग्रेसच्या बाहेरून पाठिंब्यावर उभं होतं. काँग्रेसचा एकही मंत्री नव्हता, आणि पुढच्या वर्षी काँग्रेसने हात काढताच ते पडलं.

'शेवटी सगळं खुर्चीसाठीच, विचार वगैरे काय धरायचे?'

हा आक्षेप निम्मा बरोबर आहे. पण नुसती खुर्चीच हवी असती तर अल्पमतातली सरकारं झालीच नसती, विरोधकांनी एकत्र येऊन लगेच ती वाटून घेतली असती. उलट, नुसते विचारच चालत असते तर इस्राएलमध्ये २०२१ मध्ये उजवे, डावे आणि एक अरब पक्ष असे आठ जण एका सरकारात बसले नसते. त्यांना जोडणारी गोष्ट एकच होती, नेतान्याहू यांना हटवणं. सरकार ६० विरुद्ध ५९ मतांनी आलं आणि दीड वर्षाच्या आत पुढची निवडणूक झाली. द्वेष हा आघाडीला जोडणारा चांगला डिंक आहे, फक्त तो टिकाऊ नाही.

मग संगणकाची मॉडेलं किती खरी ठरतात?

लॅनी मार्टिन आणि रँडॉल्फ स्टीव्हनसन यांनी २००१ मध्ये हे सगळे घटक एकत्र तोलून पाहिले: किमान बहुमत, विचारांची जवळीक, मोठा पक्ष, मधला पक्ष, जुने सोबती, निवडणूकपूर्व करार, वाळीत टाकलेले. प्रत्येक शक्य आघाडीला त्यानुसार संभाव्यता मिळते. एकच नेमकं उत्तर मागितलं तर अशी मॉडेलं बरोबर येण्यापेक्षा चुकतात जास्त. पण हजारो पर्यायांतून पहिल्या तीन-चारांत खरं उत्तर असणं हीसुद्धा कमाई आहे. ठामपणे एकच नाव सांगणाऱ्या पंडितापेक्षा मला तरी 'या आघाडीची शक्यता चाळीस टक्के' असं म्हणणारा जास्त विश्वासाचा वाटतो.

मॉडेलांची खरी दुखती नस वेगळीच आहे. ती पक्षाला एकसंध गठ्ठा धरतात. २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली, तेव्हा हे गृहीतकच कोसळलं. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा एकट्या-दुकट्या आमदाराला आवरतो, मोठ्या गटापुढे त्याची मात्रा फारशी चालत नाही.

आणि फूट उघड असायलाही हवं असं नाही. जर्मनीच्या त्या ३२८ च्या आघाडीने लेखी करार केला, सह्या झाल्या, मंत्र्यांची नावं जाहीर झाली. ६ मे २०२५ ला फ्रीडरिश मेर्झ यांच्यासाठी गुप्त मतदान झालं. मिळाली ३१०, हवी होती ३१६. महायुद्धानंतरच्या जर्मनीत चॅन्सेलरपदाचा उमेदवार पहिल्या फेरीत हरण्याची ही पहिलीच वेळ. दुपारी दुसरी फेरी झाली, त्यात ३२५ मिळाली आणि ते चॅन्सेलर झाले. सकाळी ज्यांनी साथ दिली नाही ते कोण होते, हे गुप्त मतदानामुळे कळलं नाही.